‘किरकिर’ या शब्दाच्या पोटात काय आहे?

कोथरूडमधल्या आमच्या इमारतीत कानपूरहून आलेले एक तरुण जोडपे राहते. त्यांची मुलगी आठ-नऊ महिन्यांची असताना तिला बारीक ताप आला, म्हणून तिची आई तिला जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. तपासता तपासता डॉक्टरांनी विचारले, “कालपासून फार किरकिर करतेय का?” आईने बाळाचे दोन्ही डोळे पुन्हा एकदा नीट पाहिले आणि डोळ्यांत काही गेलेले नाही, असे सांगितले. हिंदीत ‘किरकिरी’ म्हणजे डोळ्यात गेलेला आणि खुपणारा बारीक कण, आणि तिने तोच अर्थ घेतला होता. डॉक्टरांनी तिला अर्थ समजावून दिला, पण तिचे समाधान झाले नसावे, कारण संध्याकाळी जिन्यात भेट झाली तेव्हा तिने मला विचारले, “काकू, किरकिर म्हणजे रडणंच ना?” मी ‘हो’ म्हणणार होते, तेवढ्यात माझ्या लक्षात आले की ते उत्तर चुकीचे ठरेल. किरकिर म्हणजे रडणे नव्हे. मग ते काय आहे, हे जिन्यातल्या दोन मिनिटांत मला नीट सांगता आले नाही. ते सविस्तर सांगावे, म्हणून हा लेख लिहीत आहे.

किरकिर करणारे मूल डोळ्यांसमोर आणले, तर शब्दाचा अर्थ आपोआप उलगडू लागतो. मूल रडत असते असे म्हणवत नाही, कारण बहुधा डोळ्यांत पाणी नसते; पण ते गप्पही नसते. नाकातून निघणारा, बारीक, तुटक आणि तरीही न संपणारा असा एक सूर त्याने लावलेला असतो. कडेवर घेतले तर ते खाली सरकू पाहते, खाली ठेवले तर हात वर करते. खुळखुळा हातात दिला तर तो क्षणभर धरून भिरकावते, दूध पुढे केले तर तोंड फिरवते, आणि दूध दूर नेले की त्याच दुधाकडे पाहून पुन्हा तोच सूर लावते. त्याला काही हवे आहे असे वाटते खरे, पण काय हवे आहे हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. ही जी मागणीच्याही आधीची अस्वस्थता आहे, ती आवाजातून पाझरत राहते, आणि त्या पाझरणाऱ्या आवाजाला मराठीने किरकिर हे नाव दिले आहे.

शेजारच्या शब्दांशी ताडून पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. हट्टाला विषय असतो: फुगा हवा, बाहेर जायचे, टोपी घालायची नाही. संस्कृतातल्या ‘हठ’ या शब्दापासून तो आला आणि त्या मूळ शब्दात बळजोरीचा अर्थ आहे. हट्ट करणारे मूल आपली इच्छा दुसऱ्यावर लादू पाहत असते. रुसण्याला माणूस लागतो. संस्कृतातला ‘रुष्’ हा धातू प्राकृतातून मराठीत येताना ‘रुस’ झाला, आणि त्या वाटेवर त्यातला मोठ्यांचा रोष गळून जाऊन गाल फुगवून कोपऱ्यात जाऊन बसणे तेवढे उरले. पण रुसलेल्याकडे पाहायला कोणी नसेल, तर रुसवा टिकत नाही. थयथयाट हा शब्द नाचाच्या ‘थय थय’ या बोलांवरून आलेला आहे, म्हणून त्यात पाय आपटणे हमखास येते. आकांडतांडवात ‘अकांड’ म्हणजे अवेळी किंवा एकाएकी, आणि पुढे साक्षात तांडव. भोकाड पसरले असे म्हणताच कानाआधी डोळ्यांना एक उघडलेले तोंड दिसते. या सगळ्यांत काही तरी घडते, शिगेला पोहोचते आणि ओसरते. किरकिरीला विषय नाही, माणूस नाही आणि शिगही नाही. ती घरात कोणी नसले तरी चालू राहते.

आता उगमाकडे वळू. किरकिर हा अनुकरणवाचक शब्द आहे, म्हणजे कानावर पडलेल्या आवाजाची नक्कल करून तो घडलेला आहे. रातकिडा किरकिरतो, पाटीवर पेन्सिल तिरकी धरली की ती किरकिरते, आणि रातकिड्यांनी भरून गेलेल्या रानाला आपण ‘किर्र रान’ म्हणतो. रातकिड्याचा आवाज त्याच्या तोंडातून येत नाही. नर रातकिडा आपले पुढचे दोन पंख एकमेकांवर घासतो, त्यातल्या एका पंखाच्या शिरेवर बारीक दातांची ओळ असते आणि दुसऱ्या पंखाची कडा त्या दातांवरून ओढली जाते, जसे कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवावे तसे. पाटीवरच्या पेन्सिलीचेही असेच असते: ती अडखळते, सुटते, पुन्हा अडखळते, आणि हे इतक्या वेगाने होते की कानाला एकच चिरका सूर ऐकू येतो. बारीक, कठीण आणि अडखळत घासणारे काहीतरी, हा या सगळ्या किरकिरींचा समान धागा आहे. बाळाचा सूरही घशातून अडखळतच येतो, म्हणून त्याला तोच शब्द लागू पडला.

‘आवाजावरून शब्द’ हे स्पष्टीकरण ऐकायला फार सोपे वाटते, आणि म्हणूनच त्यावर फार जुन्या काळापासून वाद झालेला आहे. शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथात यास्काने ‘काक’ या शब्दाविषयी लिहिताना ही शब्दानुकृती आहे, म्हणजे कावळ्याच्या आवाजाची नक्कल आहे, आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळ आढळते, असे म्हटले आहे. पण लगेच औपमन्यव या आचार्यांचे विरोधी मतही त्याने नोंदवले आहे. औपमन्यवांच्या मते शब्दानुकृती असे काही नसतेच, आणि कावळ्याला काक म्हणतात ते तो हाकलून देण्याजोगा असतो म्हणून. पाणिनीला हा वाद घालण्याची गरज भासली नाही. त्याने अशा शब्दांना ‘अव्यक्तानुकरण’ म्हटले आणि त्यांच्यासाठी अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात एक स्वतंत्र सूत्र दिले, ज्यातून ‘पटपटाकरोति’ यासारखी रूपे सिद्ध होतात. आपण ‘पटपट करतो’ म्हणतो तेव्हा जवळजवळ तेच रूप उच्चारत असतो. मला या पारिभाषिक नावातला ‘अव्यक्त’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. ज्या ध्वनीत वर्ण वेगळे काढता येत नाहीत तो अव्यक्त ध्वनी, आणि ज्याला अजून एकही शब्द बोलता येत नाही अशा मुलाचे म्हणणे सांगायला याहून नेमके विशेषण मिळणे कठीण आहे.

मराठी कोशकारांनी या शब्दांकडे दुर्लक्ष केलेले नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि वाढवलेली दुसरी १८५७ मध्ये निघाली. त्यात असे शब्द अनुकरणातून घडल्याची खूण जागोजागी केलेली दिसते. पुढे यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी संपादित केलेला महाराष्ट्र शब्दकोश पुण्यातून १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला, आणि त्यातही हे शब्द ध्वनीवरून झाल्याची नोंद कंसात दिलेली असते. ज्यांच्यापुढे संस्कृत मूळ दाखवता येत नाही, त्या शब्दांनाही त्यांनी तितकीच जागा दिली.

किरकिर हा शब्द सुटा करून पाहिला, तर त्यातले प्रत्येक अक्षर काम करताना दिसते. ‘क’ उच्चारताना घशाजवळ हवा अडते आणि सुटते, म्हणजे सुरुवातीचा अडथळा तिथे आहे. ‘र’ हा कंपित वर्ण आहे, त्यात जिभेचे टोक थरथरते, म्हणजे घासण्यातला थरकाप तिथे आहे. या दोन वर्णांच्या मधला स्वर बदलला की शब्दाची जातच बदलते. ‘करकर’ म्हणा: नव्या चपला करकर वाजतात, जुन्या वाड्याचे दार करकरते, कोऱ्या नोटेला आपण करकरीत म्हणतो, इथे काहीतरी जाड, कोरडे आणि मोठे आहे. ‘कुरकुर’ म्हणा: तेल न घातलेले चाक कुरकुरते, आणि काम सांगितले की माणूस ओठांत कुरकुरतो; इथे आवाज गोल होऊन आत दबलेला आहे, कारण ‘उ’ म्हणताना ओठांचा चंबू होतो. ‘किरकिर’ म्हटले की सगळे एकदम बारीक आणि टोकदार होते. सांगाडा तोच, फक्त स्वर निराळा. एकदा हे लक्षात आले, की मराठीत अशा जोड्या सगळीकडे दिसू लागतात: ओढा खळखळतो, खिळखिळ्या खुर्चीचे सांधे निखळायला आलेले असतात आणि बाळाच्या हातात खुळखुळा असतो, फोडणी चरचरते, जखमेला औषध लावले की चुरचुरते, काम पटपट होते आणि देवापुढे आजी काहीतरी पुटपुटते. ही यादी वाचकाला स्वतःच्या बोलीतून कितीही लांबवता येईल, आणि ती लांबवून पाहण्यात मोठा आनंद आहे.

‘इ’ या स्वराने वस्तू लहान का वाटते, यालाही कारण आहे. हा स्वर उच्चारताना जीभ पुढे आणि वर, टाळूच्या अगदी जवळ जाते. जिभेपुढे उरलेली तोंडातली पोकळी लहानशी होते आणि लहान पोकळीतून उंच स्वरकंपने घुमतात, जशी छोटी घंटा उंच वाजते आणि मोठी घंटा खालच्या सुरात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना ‘मिल’ आणि ‘माल’ असे दोन निरर्थक शब्द दिले, दोन्हींचा अर्थ टेबल आहे असे सांगितले आणि मोठे टेबल कोणते ते विचारले. बहुसंख्य लोकांनी ‘माल’ निवडले. चिमणीची चिवचिव, घड्याळाची टिकटिक आणि बाळाची किरकिर यांत ‘इ’ आहे, तर ढगाची गडगड आणि आगगाडीची धडधड यांत ‘अ’ आहे, यामागे ही उच्चाराची घडण आहे. शिवाय अर्भकाचा आवाज खरोखरच उंच असतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर सेकंदाला साधारण १०० ते १५० कंपनांचा असतो, तर तान्ह्या मुलाच्या रडण्याचा मूळ सूर ४०० ते ५०० कंपनांच्या आसपास असतो आणि त्यावर चढणाऱ्या उपस्वरांपैकी कित्येक, आपला कान जिथे सर्वांत तीक्ष्ण असतो त्या दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यात येतात. किरकिर मोठी नसतानाही शेजारच्या खोलीतून ऐकू येते आणि ऐकू येत राहते, ती यामुळे.

शब्द दोनदा का म्हणायचा, हा प्रश्न उरतो. मराठीत एकदाच घडणाऱ्या आवाजाला वेगळी सोय आहे: फांदी काडकन मोडते, दार धाडदिशी आपटते, भांडे खणकन पडते. तेच पुन्हा पुन्हा होऊ लागले की शब्दाची द्विरुक्ती होते: कडकड, धडधड, खणखण. मूल कधी ‘किरकन’ असे काही करत नाही. एकदा झाली आणि थांबली, अशी किरकिर संभवतच नाही. न थांबणे हा तिच्या अर्थाचाच भाग आहे आणि तो अर्थ शब्दाच्या द्विरुक्तीत साठवलेला आहे. त्याच वेळी द्विरुक्तीने गोष्ट थोडी क्षुल्लकही होते. रडणे गंभीर असू शकते, रडरड तशी नसते.

याच ठिकाणी चिडचिड या शब्दाचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण किरकिर आणि चिडचिड हे दोन्ही शब्द आपण एका दमात वापरतो, पण त्यांची घडण एकसारखी नाही. चिडचिड कोणत्याही आवाजाची नक्कल करत नाही. ती ‘चिडणे’ या क्रियापदाची द्विरुक्ती आहे, जशी रडरड ही ‘रडणे’ची. त्याच क्रियापदाचे ‘चीड’ हे नाम घेतले, तर तो मोठ्या माणसाला शोभणारा, अन्याय पाहून येणारा राग असतो. लाचखोरीची चीड येते, लाचखोरीची चिडचिड कोणी म्हणत नाही. तोच राग तुकड्यातुकड्यांनी, कारण नसताना आणि वारंवार बाहेर पडू लागला की चिडचिड होते. म्हणून तान्हे मूल किरकिर करते, आणि आपल्याला राग येतो हे कळण्याइतके मोठे झालेले मूल चिडचिड करते. शाळेच्या पटांगणावर अशा मुलाला ‘चिडका बिब्बा’ म्हणून चिडवतात. बिब्ब्याच्या फळातला काळा रस कातडीला लागला की फोड येतात, आणि त्याच रसाने पूर्वी परीट कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करत असत, हे ज्याने घरात पाहिले असेल त्याला या उपमेतला चटका वेगळा सांगावा लागणार नाही. हे चिडवणे मला कधीच आवडले नाही, कारण ते एका वेळच्या वागण्याची खूण मुलाच्या अंगावर कायमची उमटवते.

पिरपिर हा किरकिरीचा सर्वांत जवळचा नातेवाईक. तो मुलासाठीही वापरतात आणि पावसासाठीही. पुणे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. घाटमाथ्यावर कोसळून झाल्यावर उरलेला पाऊस जुलैमध्ये इथे दिवसदिवस बारीक धारेने येत राहतो, छत्री उघडावी असे वाटत नाही आणि न उघडावी तर माणूस भिजतो. त्या पावसाला पिरपिर म्हणतात किंवा अक्षरे उलटवून रिपरिप म्हणतात, आणि जोराने पडणाऱ्या सरीला यांतले काहीच म्हणत नाहीत. पिरपिर करणाऱ्या मुलाचा सूर किरकिरीपेक्षा ओला असतो, त्यात रडण्याचा अंश अधिक असतो. भुणभुण हा डासाचा आणि माशीचा आवाज. तो मुलासाठी वापरला की त्यात मागणी येते, एकच गोष्ट कानाशी लागून मागत राहणे. कुरकुरीला तर शब्द लागतात, म्हणून ती बोलता येणाऱ्यांचीच. या सगळ्यांत मूल किती मोठे आहे आणि त्याला काय होत आहे याचे बारीक निरीक्षण आहे, आणि हे निरीक्षण कोण्या पंडितांनी केलेले नसून मुले सांभाळणाऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले आहे, असे मला ठामपणे वाटते.

हिंदीतली किरकिरी डोळ्यात आणि मराठीतली किरकिर मुलात कशी गेली, हे माझ्या शेजारणीला पडलेले कोडे होते. दोन्हीकडे मूळ आवाज तोच, दाताखाली खडा आल्यावर होणारा किंवा वाळूवर काही घासल्यावर होणारा. हिंदीने तो आवाज करणाऱ्या कणाला नाव दिले, म्हणून डोळ्यातला कण किरकिरी झाला आणि रंगाचा बेरंग झाला की मजा ‘किरकिरा’ होऊ लागला. मराठीत भाकरीत खडा आला तर आपण ‘कचकच लागते’ म्हणतो, डोळ्यात कण गेला तर तो खुपतो किंवा सलतो, आणि किरकिर हा शब्द त्रासाच्या सुरासाठी मोकळा राहिला. दक्षिणेला कन्नडमध्ये ‘किरिकिरी’ म्हणजे उपद्रव, कटकट. तिन्ही भाषा शेजारी आहेत, पण कन्नड द्राविडी कुळातली आणि उरलेल्या दोन आर्य कुळातल्या. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे अशी मांडणी केली आणि पुढे १९६९ मध्ये अशा द्विरुक्त ध्वन्यनुकारी शब्दांवर स्वतंत्र लेख लिहिला, त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की कुळे वेगळी असूनही हजारो वर्षांच्या शेजारामुळे इथल्या भाषांनी शब्द घडवण्याच्या सवयी एकमेकींकडून उचलल्या आहेत. सोलापूर किंवा बेळगावकडच्या वाचकांना हे सांगण्यासाठी एमेनोंची गरज पडणार नाही. तिथल्या घरांत एकाच ओट्यावर दोन्ही भाषांत बाळाची समजूत काढली जाते.

आवाजाचा शब्द पुढे ज्याला आवाजच नाही अशा अनुभवापर्यंत जातो, ही मला या शब्दांतली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. अंगात कणकण असते, घसा खवखवतो, पोटात मळमळते, डोळे चुरचुरतात, जखम भरत आली की हुळहुळते. यांतले काहीही कानाला ऐकू येत नाही, तरी आवाजाच्या शब्दांचा साचा जसाच्या तसा वापरून मराठीने शरीराच्या आतली हालचाल नोंदवलेली आहे, आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर दुसऱ्या कोणत्याही भाषेत आपल्याला ते इतके नेमके सांगता येत नाही. किरकिर या दोन टोकांच्या मध्ये उभी आहे. ती ऐकू येते, म्हणून आवाज आहे. आणि मूल गप्प असतानाही आई म्हणते, “आज ही किरकिरी झालीय,” म्हणून ती अवस्थाही आहे.

या वाक्यातल्या क्रियापदाकडे मुद्दाम लक्ष द्यावे. हट्टी मुलाबद्दल आपण ‘हट्टी आहे’ असे म्हणतो, तापट माणसाबद्दल ‘तापट आहे’ असे म्हणतो. पण लहान मुलाबद्दल बोलताना घरातल्या मोठ्या बायकांच्या तोंडी ‘किरकिरं झालंय’ असे येते. झालेले आहे, म्हणजे काल नव्हते आणि कारण दूर झाले की उद्या नसेल. ते नपुंसकलिंगही तान्हेपणाचे, मायेचे आहे. हट्टाला शिक्षा करावी की करू नये यावर घरात दोन मते असू शकतात, पण किरकिरीबद्दल पहिला प्रश्न कारणाचाच असतो, आणि तो प्रश्न या ‘झालंय’मध्ये आधीच विचारलेला आहे. किरकिर हा शब्द मुलाच्या स्वभावावर शेरा मारत नाही. तो फक्त ऐकू आलेले सांगतो, आणि पुढचे शोधण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोपवतो.

कारणे बहुतेक वेळा घरगुतीच निघतात, आणि त्यांनाही मराठीत नेमके शब्द आहेत. मूल पेंगुळलेले असते, म्हणजे झोप डोळ्यांवर आलेली असते पण लागत नसते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे; दुपारची झोप मोडून लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला नेलेल्या मुलाची संध्याकाळ कशी जाते, हे दिवाळीच्या आधी तुळशीबागेत कोणत्याही दुकानापुढे पाच मिनिटे उभे राहिल्यास कळते. तिथे मी एकदा पाहिले, एक आई मुलीला दटावत होती आणि शेजारची बांगड्या पारखणारी आजी तिच्याकडे न बघताच म्हणाली, “अगं, तिला रागावू नकोस, पेंगुळलीय ती.” मुलगी पाच मिनिटांत आईच्या खांद्यावर झोपून गेली. दात येत असतात, पोटात वारा धरलेला असतो, लंगोट ओला असतो, किंवा अंगात नुकती कणकण सुरू झालेली असते आणि किरकिर ही तापाची पहिली वर्दी असते. डॉक्टरांनी माझ्या शेजारणीला तो प्रश्न विचारला तो याचसाठी.

तिन्हीसांजेची किरकिर मात्र वेगळी आहे. तान्ही मुले दिवेलागणीच्या वेळी विनाकारण किरकिर करतात हे घरोघरी माहीत होते, आणि म्हणून त्या वेळी बाळाला घराबाहेर नेऊ नये, दृष्ट काढावी, असे नेम होते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी ८० निरोगी अर्भकांच्या रडण्याच्या नोंदी आयांकडून ठेवून घेतल्या, तेव्हा असे दिसले की हे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास वाढत जाऊन दिवसाला साधारण पावणेतीन तासांवर पोहोचते, संध्याकाळी ते अधिक असते, आणि पुढे आपोआप कमी होते. म्हणजे त्या वेळेला काही आजार शोधण्याचे बहुधा कारण नसते. दिवसभर कानांवर आणि डोळ्यांवर येऊन आदळलेले जग त्या जिवाला संध्याकाळपर्यंत पेलेनासे होते, असे समजले तर आजीचा नियमही निराळ्या शब्दांत पटतो, कारण दिवेलागणीला बाळाला आत घेऊन, आवाज कमी करून, मांडीवर थोपटत बसणे हेच त्यातून साधत होते.

आईने घाबरावे ते किरकिरीला नव्हे, किरकिर थांबून मूल मलूल झाले तर. मलूल हा फारसीतून आलेला शब्द, थकलेला, उदास असा त्याचा अर्थ. मराठीत तो कोमेजलेल्या मुलासाठीच राखून ठेवल्यासारखा झाला आहे. मूल अंगावर पीत नाही, नजर देत नाही, किरकिरीच्या जागी कण्हणे आले आहे, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आहे, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे गेले पाहिजे. किरकिर करण्यालाही अंगात थोडी ताकद लागते, आणि ती ताकद आहे तोवर मूल आपल्याशी बोलत आहे.

माझ्या शेजारणीची मुलगी आता दीड वर्षाची आहे. परवा संध्याकाळी त्यांच्या दारातून मोठा आवाज येत होता, म्हणून मी डोकावले. मुलगी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून बादलीकडे बोट दाखवत होती, आई नळ बंद करून उभी होती. “काय गं, झोप आलीय का हिला? किरकिर करतेय?” मी विचारले. “नाही काकू,” ती म्हणाली, “झोप झालीय, जेवणही झालंय. किरकिर सकाळी होती. हा हट्ट आहे.”